नोंद 'निरंक' आली म्हणून भरपाई बुडत नाही

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 35. हंगामात जवळच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) ठेकेदारामार्फत कामाला जायचो, महिन्याला 12,000 रुपये पडायचे. जानेवारी 2025 मध्ये रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, अडकलेली कपाशी काढताना उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, 20,000 रुपये हातात दिले आणि 'अपघाताबद्दल माझी काही तक्रार नाही' असं लिहिलेल्या स्टॅम्प पेपरवर डाव्या हाताचा अंगठा घेतला. आता भरपाई मागितली तर त्यांचे वकील म्हणतात, असा अपघात आमच्याकडे झालाच नाही. मी माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर आलं, 'सदर वर्षात तालुक्यातील जिनिंगमधील अपघातांची संख्या निरंक', म्हणजे शून्य. सरकारच नाही म्हणते, तर माझी केस संपली का?

उत्तर : नाही भाऊ, केस संपलेली नाही. त्या उत्तराचा इतका धसका घेऊ नका. सरकारने तुमच्या जिनिंगमध्ये जाऊन चौकशी केली आणि काही सापडलं नाही, असा त्याचा अर्थ नाही. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 88 प्रमाणे, जखमी कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही तर त्याची सूचना कारखाना निरीक्षकाला द्यायची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापकाची होती. अशा आलेल्या सूचनांची बेरीज म्हणजे सरकारी आकडा. व्यवस्थापकाने कळवलंच नाही, तर बेरजेत तुम्ही येणार कुठून? आणि न कळवणं हा त्यांचा गुन्हा आहे. स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा त्यांना पुरावा म्हणून घेता येणार नाही, हे न्यायालयात ठासून सांगता येतं.

हा आकडा किती पोकळ असतो हे दुसऱ्या देशांशी ताडून पाहिलं की कळतं. युरोपीय संघ चार दिवस किंवा जास्त गैरहजेरीचे अपघात मोजतो, ब्रिटनमध्ये मालकाला सात दिवसांवरची गैरहजेरी कळवावी लागते, आपली अट 48 तासांची. म्हणजे कागदावर आपलीच अट सगळ्यांत कडक, आणि आपल्याकडे जखमींचा आकडा मोठा दिसायला हवा. प्रत्यक्षात 2021 साली युरोपीय संघात सुमारे 28.8 लाख जखमी आणि 3,347 मृत्यू नोंदले गेले, म्हणजे एका मृत्यूमागे साधारण 860 जखमी. आपल्या नोंदणीकृत कारखान्यांत 2017 ते 2020 या काळात वर्षाला सरासरी अकराशेच्या आसपास मृत्यू आणि चार हजारांवर जखमी. एका मृत्यूमागे जेमतेम चार! माणूस मेला की पोलीस येतात, पंचनामा होतो, ते दडपणं अवघड. तुटलेली बोटं मात्र वीस हजारांत दडपली जातात. जर्मनीसारख्या देशात उपचाराचा आणि भरपाईचा पैसा अपघात विमा संस्थेकडून येतो, त्यामुळे कळवण्यात सगळ्यांचाच फायदा असतो. आपल्याकडे कळवलं की मालकाच्या दारात निरीक्षक उभा. मला या गोष्टीची मनापासून चीड येते, कारण आकड्यातच नसलेल्या अपघाताकडे लक्ष कोण देणार?

कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असता तर तिथे तरी तुमची नोंद झाली असती. पण त्या कायद्याच्या व्याख्येतच कापूस जिनिंग आणि प्रेसिंग 'हंगामी कारखाना' म्हणून बाहेर ठेवलेलं होतं. म्हणून तुमचा रस्ता कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, पण तुमचा अपघात त्याआधीचा असल्याने तुमचा हक्क जुन्या कायद्यानेच मोजला जाईल.

आता हिशोब. एका हाताची तीन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईक्षमतेची हानी 30 टक्के धरली आहे. (पेरापासून गेली असतील तर टक्का कमी होतो, म्हणून सर्जनच्या दाखल्यात कुठून तुटली ते स्पष्ट लिहून घ्या.) पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, कायद्याच्या तक्त्यातला वय 35 चा गुणक 197.06, आणि त्याचे 30 टक्के. येतात सुमारे 4,25,650 रुपये. एक महिन्यात न दिल्याबद्दल वर्षाला 12 टक्के व्याज वेगळं, आणि सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो.

तो स्टॅम्प पेपर. याच 1923 च्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार बाद ठरतो, आणि भरपाई आयुक्तांकडे (अशा दाव्यांचा निकाल देणाऱ्यांकडे) न नोंदवलेल्या तडजोडीवर मालकाला पूर्ण भरपाईतून सुटता येत नाही. तुम्हाला दिलेल्यापैकी निम्म्याहून जास्त रक्कमही त्यांना वजा करून मागता येत नाही, आयुक्तांनी तसा वेगळा आदेश दिला नाही तर. पण मला त्या कागदाचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. अपघात झालाच नाही म्हणणाऱ्यांनी 'अपघाताबद्दल तक्रार नाही' असा कागद केला कशाला? तो कागद मालकाकडे असेल तर न्यायालयामार्फत हजर करायला लावा.

ठेकेदाराचा माणूस म्हणून हात झटकले, तर त्याच कायद्याचं कलम 12 आहे. मूळ मालक जबाबदार राहतो. 'हात तूच घातलास' हेही ते म्हणतील. निष्काळजीपणा हा बचाव होत नाही. दारू प्यायलेले होतात, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडलात किंवा यंत्राचं संरक्षक आवरण मुद्दाम काढलंत, हे त्यांना सिद्ध करावं लागेल.

पुरावा गोळा करायला आजच लागा. दवाखान्याची केस पेपर प्रत, त्यात इजेचं कारण काय लिहिलंय ते वाचा. 'मशीनमध्ये हात अडकून' एवढंच असलं तरी पुष्कळ. मेडिको लीगल नोंद (दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद) झाली असेल तर पोलीस ठाण्याच्या डायरीत तिचा उल्लेख मिळेल. फोनवर आलेला पगार, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज, बिल कोणाच्या खात्यातून भरलं त्याची पावती, सगळं जपा.

अर्ज तुमच्या भागासाठी भरपाई आयुक्ताचे अधिकार असलेल्या न्यायाधीशांकडे, तुम्ही राहता तिथूनही करता येतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जानेवारी 2027 च्या आत. सोबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे कारखाना निरीक्षकांच्या खात्याकडे, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 1948 च्या कायद्याखाली खटल्याची तीन महिन्यांची मुदत निरीक्षकाला अपघात कळल्यापासून सुरू होते, त्यामुळे ती तक्रार उशिराची ठरत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. आणि तुमच्यासोबत त्या पाळीत रेच्यावर असलेले मजूर बाहेरगावचे असतील तर त्यांचे फोन नंबर आताच मिळवा. पुढच्या हंगामात ते याच जिनिंगला येतील याची खात्री नसते.