वाचकांचे प्रश्न: उन्हं उतरल्यावर चेहरा कुठे वळवायचा?

प्रश्न: ताई, माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा निरोप समारंभ, सगळ्याजणी साड्या नेसणार. तिचे फोटो संध्याकाळी बाहेर कुठेतरी मीच काढावेत असा तिचा हट्ट. परवा सहाच्या सुमारास फुटाळा तलावावर काढून पाहिले, तर मागचं आकाश सुंदर केशरी आणि पोरीचा चेहरा काळाठिक्कर! सूर्याकडे तोंड करून उभी केली, तर डोळे मिचकावते. अमेरिकेतल्या ‘सीनियर पोर्ट्रेट’चे व्हिडिओ पाहिले. ते म्हणतात, सूर्यास्ताआधी तासभर सुरू करा. मग माझं काय चुकतंय?
— एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर: चुकली ती दिशा. फुटाळ्याच्या चौपाटीवरून सूर्य पाण्यापलीकडच्या झाडीत मावळतो, म्हणून तर तिथं गर्दी होते. पण पोरीची पाठ पाण्याकडे केली की सगळा उजेड तिच्या मागे जातो. कॅमेरा त्या उजळ आकाशाचा हिशोब धरतो आणि चेहरा अंधारात बुडतो.

व्हिडिओंचं म्हणाल, तर तिकडे सीनियर म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाची, आपल्या बारावीच्या वयाची मुलं. त्यांचे फोटो शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापतात. अमेरिकेतली बहुतेक राज्यं आपल्यापेक्षा बरीच उत्तरेला आहेत, तिथे सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. सूर्यास्ताआधी तासभर आपलं ऊन अजून पांढरं आणि टोचरं असतं. सोनेरी म्हणावं असं ऊन शेवटचा अर्धा तासच. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो, तेव्हा पावणेसहाला जागेवर तयार राहा.

जागा कशी शोधायची ते मला बाबांनी शिकवलं. नागपुरातल्या महाल भागात त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. रोलच्या काळात मी अंबाझरी तलावाच्या बंधाऱ्यावर मुलींच्या एका बॅचचे फोटो काढले होते, सगळ्यांना मावळत्या सूर्यासमोर उभं करून. रोल धुतला, तर ३६ फोटोंत एकीचेही डोळे नीट उघडे नाहीत. मुली पांगल्या होत्या, तो दिवस पुन्हा आणता येणार नव्हता. बाबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला गच्चीवर नेलं आणि म्हणाले, स्वतःचा पंजा समोर धर आणि जागेवरच हळूहळू गोल फिर. एका ठिकाणी बोटांमधल्या सावल्या मऊ पडतात, हाताच्या रेषा गोड दिसतात. चेहरा त्या बाजूला वळवायचा. आजही कुठेही गेले की आधी पंजा धरते.

तुम्ही तेच करा. सूर्य असेपर्यंत तो तिच्या पाठीमागे, जरा तिरका ठेवा, म्हणजे केसांच्या कडेला आणि पदराच्या काठाला उजेडाची रेघ येते. चेहऱ्यासाठी समोरून कुणाला तरी पांढरं थर्माकोल धरायला सांगा, फ्रिजच्या खोक्यातलं जुनं चालेल. नाहीतर घडी घातलेली पांढरी चादर. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरा आणि उजेड थोडा वर सरकवा. मागचं आकाश फिकं पडलं तर पडू द्या, फोटो पोरीचा आहे. लेन्स आधी पदराने पुसा, बोटांचे डाग याच उजेडात धुकं होऊन उमटतात.

सूर्य बुडाला की लोक आवरायला लागतात. तुम्ही थांबा. पुढची वीसेक मिनिटं मला सगळ्यात प्रिय. आता तिचा चेहरा पश्चिमेकडे वळवा. पूर्ण आकाश मोठ्या मऊ दिव्यासारखं काम करतं, डोळ्यांत चमक येते आणि मिचकावणं थांबतं. फुटाळ्यावरच काढायचे असतील तर तिला कठड्याशी उभी करून तोंड पाण्याकडे वळवा आणि तुम्ही तिच्या बाजूला, कठड्यालगत उभ्या राहून फोटो घ्या. कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नका, नाहीतर फोटो हलतो; उजेड उतरेल तसा आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा, ४०० वरून १६०० पर्यंत वाढवा. सेमिनरी हिल्सवर जाणार असाल तर दाट झाडांखाली उभी करू नका, गालावर कवडसे पडतात आणि पानांची हिरवी छटा कातडीवर चढते. झाडीच्या कडेला, उघड्या आकाशाखाली या.

आणखी एक, हे कळकळीनं सांगते. चेहरा ‘काळाठिक्कर’ आला म्हणून उजेड इतका वाढवू नका की सावळी पोर गोरी दिसायला लागेल. गोरं करणारे फिल्टर तर नकोच. आपल्या सावळ्या रंगावर तिन्हीसांजेचा उजेड जसा तांब्यासारखा खुलतो, तसा भर दुपारी खुलत नाही. तो पुसून टाकला, तर एवढी वाट कशासाठी पाहिली?

प्रश्न: माझी आजी ८१ वर्षांची आहे, चष्मा लावते. तिचा असाच फोटो अंगणात काढता येईल का?
— एक नात, धरमपेठ

उत्तर: नक्की. घरचीच खुर्ची द्या, उभं ठेवू नका. ऊन अंगणातून गेलं की लगेच काढा, उशिरा डास येतात आणि तिला नीट दिसत नाही. आडव्या उन्हात सुरकुत्या खरवडल्यासारख्या दिसतात, म्हणून तिलाही मऊ आकाशच हवं. चष्म्यात आकाश चमकलं तर काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काच खाली झुकते. चष्मा काढायला लावू नका, तुम्ही तिला चष्म्यासकटच ओळखता. आणि फोटो काढताना तिच्याशी बोलत राहा, तिच्या माहेरचं काहीतरी विचारा.