भारतात मोबाइल गेम सगळ्यात जास्त डाउनलोड होतात, मग पैसा जपान-अमेरिकेतच का? देशादेशांत एवढा फरक कशामुळे?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, मोबाइल गेम बनवायचं डोक्यात आहे, आणि एक गोष्ट कळत नाहीये. गेम डाउनलोड करण्यात आपण जगात पहिले, पण कमाईच्या यादीत चीन, अमेरिका, जपान वर आणि आपण बरेच खाली. देशादेशांत आवडीनिवडीचा एवढा फरक असतो का, असं विचारलंय.

माझ्या मते आवडीनिवडीचा वाटा फार थोडा आहे. फोन केवढ्याचा, तो घरात किती जणांचा, आणि त्यातून पैसे बाहेर कसे पडतात, यावर सगळं ठरतं. अमळनेरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी साडेतीन वर्षं पुण्यात एका कंपनीत गेम टेस्टिंग करायचो. एकच गेम ब्राझीलसाठी वेगळा, इंडोनेशियासाठी वेगळा, जपानसाठी वेगळा निघतो. तो खेळून चुका शोधायच्या. वडील नातेवाइकांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायचे. पोरगा दिवसभर गेम खेळतो आणि त्याचा पगार घेतो, हे सोयरिकीच्या वयात सांगण्यासारखं नव्हतं.

दुकानात फोन आला की मालकाला न विचारता मला कळतं की घरात गेम खेळणारं कोणी आहे. टफन ग्लास दोनच ठिकाणी घासलेली असते, आडवा फोन धरल्यावर जिथे दोन्ही अंगठे पडतात तिथे. चार्जिंगची पिन ढिली, कारण वायर लावूनच खेळायचं. बॅटरी जराशी फुगलेली. आणि काउंटरवर फोन ठेवणारे असतात धोतर-टोपीतले आबा. "भाऊ, हाऊ मोबाइल भलता हँग मारी राहिना, जरा देख बरं." उघडून बघावं तर आत कीर्तनाचे व्हिडिओ, पुतण्याच्या लग्नाचे फोटो, कापसाच्या भावाचा ग्रुप, बँकेचं ॲप, सुनेची मालिका आणि फ्री फायर मॅक्स, म्हणजे फ्री फायर या गोळीबाराच्या गेमचा एक अवतार. म्हणजे फोन एक आणि माणसं चार.

परदेशात बसलेल्या गेम कंपनीला हे दिसतच नाही. तिच्या लेखी हा एकच माणूस: पहाटे पाचला भजन ऐकणारा, दुपारी मालिका बघणारा, रात्री आठपासून दहापर्यंत गेममध्ये लोकांना गोळ्या घालणारा साठीचा गृहस्थ. त्याला जाहिरात कसली दाखवायची? मग नातवाला बियाण्याची जाहिरात दिसते आणि आबांना हेडफोनची. कोणीच काही विकत घेत नाही. आपल्याकडच्या गेमची कमाई बहुतांशी जाहिरातींवर चालते, आणि अमेरिकेतल्या माणसाने पाहिलेल्या एका जाहिरातीला जो दर मिळतो त्याच्या पासंगालाही आपला दर पुरत नाही. "तीस सेकंद जाहिरात बघा, एक जीव मिळवा" हे आपल्या पोरांनी दिवसभर केलं तरी पलीकडे चहाचे पैसे निघतील की नाही, शंका आहे.

आता जपान बघा. तिथे फोन ज्याचा त्याचा. शिवाय फोनमधून पैसे भरायची सवय स्मार्टफोनच्याही आधीची. एनटीटी डोकोमो या तिथल्या फोन कंपनीने १९९९ मध्ये आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हापासून लोक साध्या फोनवर छोट्या सेवा घेत आणि त्याचे पैसे महिन्याच्या फोनबिलात जात. कार्ड नको, बँक नको. त्यामुळे २०१२ मध्ये 'पझल अँड ड्रॅगन्स' आणि २०१३ मध्ये 'मॉन्स्टर स्ट्राइक' आले तेव्हा गिऱ्हाईक तयारच होतं. हे दोन्ही गेम उभ्या फोनवर चालतात. कारण उघड आहे. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळायचं. आपल्याकडे पबजी आडव्या फोनवर, दोन्ही हातांनी, पारावर चौघं मांडी घालून. सुरत-भुसावळ पॅसेंजरला उभ्याने पबजी खेळून दाखवा, मग कळेल!

जपानी गेमचा खरा धंदा 'गाचा'चा. दुकानाबाहेर नाणं टाकून खेळणं बाहेर पडणारं यंत्र असतं, त्यावरून ते नाव आलं. पैसे भरा, पात्र निघेल. कोणतं निघेल ते नशीब. सारंगखेड्याच्या यात्रेत चिठ्ठी उचलायची, मनात सायकल असते आणि निघते साबणदाणी, तसंच. पुढे गेम कंपन्यांनी यात आणखी एक पेच घातला. चिठ्ठ्यांतून निघालेल्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस. शेवटची एक वस्तू काही केल्या निघत नाही आणि माणूस पैसे ओतत राहतो. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने हा संचवाला प्रकार बेकायदा ठरवला. साधा गाचा मात्र आजही चालू आहे आणि त्याच्यावरच तिथली बरीचशी कमाई उभी आहे.

आपल्याकडे पैसे भरायची वाटच उशिरा तयार झाली. क्रेडिट कार्ड माझ्या गिऱ्हाइकांपैकी शिक्षक आणि बँकवाले सोडले तर कोणाकडे नसतं. गूगलने २०१५ मध्ये भारतात ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० वर आणली, ती उगीच नाही. यूपीआय २०१६ चं. आणि जिओ त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सुरू झालं. त्याआधी दुकानांत 'कार्ड भरून' मिळायचं. मेमरी कार्ड द्या, वीस रुपये द्या, गाणी-सिनेमे-गेम भरून घ्या. माझ्या आधी या गाळ्यात जो बसायचा त्याचं घर त्यावर चालायचं. जिओ आलं आणि तो धंदा वर्षभरात बसला.

यूपीआयने वाट उघडली, पण ती कोणासाठी? एक किस्सा सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक दादा आले. कापूस विकून खात्यात पैसे आले होते आणि त्यातले सहा हजार चारशे कुठे गेले ते कळत नव्हतं. पासवर्ड कोणाला माहीत आहे, विचारलं. म्हणाले, "मन्हा आंडोरच करस सगळं." त्यांना वाचता येत नाही, म्हणून रिचार्जपासून खताच्या दुकानापर्यंत सगळे व्यवहार सातवीतला पोरगा करतो. घरचा खजिनदारच तो! त्याने दीडशे-दोनशे करत गेममधले डायमंड घेतले होते. दादांनी त्याला माझ्यासमोर मारलं नाही, फक्त विचारलं की डायमंड आहेत तर ते सराफ बाजारात विकता येतील का. पोरगं मान खाली घालून टफन ग्लासच्या पाकिटाकडे बघत बसलं. मी प्ले स्टोअरवर परताव्याचा अर्ज भरून दिला. थोडे पैसे आले, सगळे नाही आले.

फोनच्या ताकदीचं बोलू. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला. शंभर खेळाडू, डाव अर्ध्या तासाच्या आसपास, आणि फोन दमदार लागायचा. फ्री फायर त्याआधी, २०१७ च्या शेवटी आला होता. पन्नास खेळाडू, दहा मिनिटांत डाव खलास आणि गेम हलका. स्वस्त फोनवर धावायचा. म्हणून तो ब्राझीलमध्ये उसळला, इंडोनेशियात चालला आणि आमच्या तालुक्यातही. साओ पावलोच्या वस्तीतला पोरगा आणि पारोळ्याचा पोरगा यांची आवड जुळली असं नाही, त्यांच्या फोनची रॅम जुळली. पुण्यात आमच्याकडे ब्राझील-इंडोनेशियाच्या टेस्टिंगला मुद्दाम जुने, चिरलेले फोन ठेवलेले असायचे. नवा फोन घेऊन कोणी टेस्ट केलं की आमचा लीड म्हणायचा, हा फोन विकून तिथे बैल येईल.

मग आपल्याकडे सरकारी बंदीचं सत्र. जून २०२० मध्ये टिकटॉक गेलं, २ सप्टेंबर २०२० ला पबजी, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर (त्याचा मॅक्स अवतार तेवढा वाचला). पबजीचा भारतीय अवतार, ज्याला पोरं बीजीएमआय म्हणतात, जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभरात स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. गोळी झाडायला फोनच्या कडेला लावायची बटणं, म्हणजे ट्रिगर, त्यांचा माझ्याकडचा स्टॉक या तारखांबरोबर वरखाली झालाय, म्हणून पाठ आहेत. लॉकडाउनमध्ये मात्र लुडो किंगने सगळ्यांना खाऊन टाकलं. नवी मुंबईतल्या कंपनीचा गेम, २०१६ पासूनचा. त्याला ना ताकदीचा फोन लागत, ना नियम शिकावे लागत. सुरतेला अडकलेला भाऊ आणि इथली बहीण एकाच पटावर.

चीनचं गणित निराळं. तिथे अँड्रॉइड फोनवर गूगलचं प्ले स्टोअरच नाही. हुआवे, शाओमी, टेन्सेंट, ज्याचं त्याचं दुकान, आणि गेमच्या कमाईतला निम्मा वाटा मागणारी दुकानंही त्यातच. गेम सोडायला सरकारी परवाना लागतो. २०१८ मध्ये तर हे परवाने नऊ महिने बंदच होते. सप्टेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच एक तास. खऱ्या ओळखपत्राशिवाय आत शिरता येत नाही. (पोरं आजीच्या नावाने खातं काढतात म्हणे. ते कुठलीही पोरं करतील.)

कोरियात २०११ मध्ये कायदा केला होता, सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद. तो रोखायचा कॉम्प्युटरवरचे गेम. पोरं तोवर मोबाइलवर गेली, आणि २०२२ च्या सुरुवातीला कायदाच मोडीत निघाला. तिथला 'लिनेज एम' हा मोबाइल गेम मला टेस्टिंगच्या दिवसांत फार आवडायचा, कारण तो स्वतःच खेळतो. फोन चार्जिंगला लावा, पात्र आपोआप राक्षस मारत फिरतं, तुम्ही कामाला जा. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरला ऑटो स्टार्टर लावतात आणि रात्री लाइट आली की ती आपली आपण सुरू होते, अगदी तसं. असा गेम खेळणारा माणूस पैसे भरतो कारण त्याच्याकडे पैसा आहे, वेळ नाही. आपल्याकडे उलटं आहे.

अमेरिकेबद्दल फार लिहीत नाही. निम्म्याहून जास्त लोकांकडे आयफोन, कार्ड आधीच जोडलेलं, आणि 'कँडी क्रश'मध्ये अडकलं की एक डॉलर भरताना हात अडखळत नाही. एवढंच.

तुम्ही गेम बनवणार म्हणताय म्हणून एक आकडा. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ च्या जनगणनेत आपण ७९ लाख होतो. नोकियावरचा साप त्यांचा, अँग्री बर्ड्स त्यांचा, क्लॅश ऑफ क्लॅन्स त्यांचा. घरचं गिऱ्हाईक मूठभर, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून जगासाठी बनवलं. विप्रोही १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपापासूनच सुरू झाली होती, तेव्हा गाव लहान आहे म्हणून अडत नाही.

पण मराठीत गेम करायचा म्हणाल तर आधीच सांगतो, बहुतेक मोबाइल गेम ज्या युनिटी नावाच्या सॉफ्टवेअरवर बनतात त्यात देवनागरी सरळ उमटत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षरं फुटतात. 'खान्देश' लिहिलं की न चा पाय मोडलेला दिसतो. त्यावर उपाय आहेत, पण खटपट आहे, आणि कंपन्या म्हणतात की पोरांना इंग्रजी बटणं कळतातच की. खरंही आहे ते. आमच्याकडे अहिराणीत शिव्या देत इंग्रजी मेनू चालवतात.

आणि पैसे लावायच्या गेमच्या वाटेला जाऊ नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्याकडे पोरीबाळी झोक्यावर आणि बाप्ये पत्त्यांवर, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण तो डाव सण संपला की उठायचा. फोनवरची रमी उठतच नव्हती. माझ्याकडे दोन जण ईएमआयवरचा फोन विकायला आले होते, हप्ते बाकी असताना. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, कौशल्याचा असो की नशिबाचा. गल्लीत त्यावरून दोन तट आहेत, मी बंदीच्या बाजूचा.

गेम तयार झाला की कॉलेजातल्या लॅपटॉपवर किंवा मित्राच्या महागड्या फोनवर बघून खूश होऊ नका. दोन-तीन जीबी रॅमचा, स्टोरेज गच्च भरलेला, चार वर्षं वापरलेला फोन घ्या. माझ्याकडे असे दहा-बारा पडून आहेत, हवे तर इथे बसून तपासा. शक्यतो मे महिन्यात दुपारी दोनला या. आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला मंद होतो, आणि पोरं कूलरच्या जाळीला फोन टेकवून खेळतात. त्या वेळी अडखळला नाही तर ब्राझीलमध्येही अडखळणार नाही.