मशरूम कॉफी: आधी वडिलांच्या गोळ्या बघा

वडील ६८ वर्षांचे, अ‍ॅसिट्रोम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू, मागे मूतखडा होऊन गेलेला आणि शेजाऱ्यांनी मशरूम कॉफीचा, म्हणजे मशरूमची पावडर मिसळलेल्या कॉफीचा डबा गळ्यात मारलाय. द्यावी का, असं विचारलंत. माझं उत्तर: त्यांना नको.

डब्यामागे रेशी (म्हणजेच गॅनोडर्मा) आणि चागा या दोन मशरूमची नावं आहेत म्हणालात. रेशीमुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो. अ‍ॅसिट्रोमचं कामही तेच, म्हणजे दुहेरी मारा. चागात ऑक्झलेट हा क्षार भरपूर असतो आणि बहुतेक मूतखडे ऑक्झलेटचेच असतात. जपानमध्ये ७२ वर्षांच्या एका बाई रोज चार-पाच चमचे चागा पावडर सहा महिने घेत होत्या. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर गेल्या. तुमच्या डब्यात एवढा चागा नसेल, पण मूतखड्याच्या माणसाने ही परीक्षा द्यायचीच कशाला?

आता फायद्याचं. सगळंच थोतांड नाही. लायन्स मेन या आणखी एका मशरूमवर २००९ साली जपानमध्ये एक चाचणी झाली. विसराळूपणा सुरू झालेली ५० ते ८० वयाची ३० माणसं, निम्म्यांना रोज सुमारे ३ ग्रॅम पावडर, १६ आठवडे. स्मरणशक्तीच्या परीक्षेतले त्यांचे गुण सुधारले, पावडर बंद केल्यावर पुन्हा घसरले. माणसं थोडी, पण चाचणी नीट होती. मी स्वतः आणलेल्या पाकिटात मात्र एका पुडीत चार प्रकारची मशरूम मिळून अर्धा ग्रॅम होतं! तरतरी येते ती कॉफीने. झोप सुधारल्याचं लोक सांगतात, त्यात मला तरी मशरूमचा हात दिसत नाही; साध्या कॉफीपेक्षा कॅफिन कमी पोटात जातं, एवढंच.

आणखी एक गंमत. नुसती मशरूम पावडर विकतात, ती मी पाण्यात उकळून, गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. पाणी काळंनिळं झालं, म्हणजे स्टार्च. काही कंपन्या बुरशीचे तंतू धान्यावर वाढवतात आणि ते धान्यासकट दळतात. माझे बाराशे रुपये बरेचसे तांदळाच्या पिठात गेले. लेबलवर ‘फ्रूटिंग बॉडी’ (म्हणजे तंतू नव्हे, प्रत्यक्ष मशरूम) लिहिलेलं असेल तर बरं. चव म्हणाल तर ओल्या गोणपाटाची.

वडिलांनी दोन-चार कप घेतले असतील तर घाबरू नका, पण डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करायचं का ते विचारा. कुठली शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा ठरला असेल तर तिथेही हे सांगा. ‘ती कॉफीच आहे’ म्हणून लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात.