परराष्ट्र व्यवहार केंद्राचा विषय असताना राज्य सरकारांनी त्यात पडावं का?

पडावं. 'तो दिल्लीचा विषय' असं कुणी म्हटलं की मला सौदी अरेबियातलं दम्माम आठवतं.

तिथे आमच्या कामगारांच्या कॅम्पात चिपळूणकडचा एक सुतार होता. रात्री झोपेतच गेला. पोलिसांचा कागद, मृत्यूचा दाखला, कफीलची, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाची सही, दूतावासाची एनओसी, मग एम्बामिंग (मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया) आणि कार्गोचं बुकिंग. यातलं एक अडलं तरी मृतदेह शवागारातून हलत नाही. पगार थकवलेला असल्यामुळे कफील सहीला टाळाटाळ करत होता. शेजारच्या खोलीतली मल्याळी पोरं विचारत होती, "तुमच्याकडे नोर्का नाही का?" नोर्का म्हणजे केरळ सरकारचं परदेशी गेलेल्यांसाठीचं वेगळं खातं, १९९६ पासूनचं. विमानतळावरून घरापर्यंत फुकट रुग्णवाहिकासुद्धा मिळते. आम्ही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी काढत होतो. शेवटी कफीलच्या ऑफिसात जाऊन अरबीत भांडला तोही एक मल्याळीच. इकडे सुताराचा भाऊ उसने पैसे घेऊन, भाड्याची गाडी करून मुंबईच्या कार्गो गेटवर उभा.

आमचे भावोजी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत. दर गणपतीत ऐकवतात: राज्यघटनेची सातवी अनुसूची, संघ सूची म्हणजे केंद्राच्या विषयांची यादी, नोंद १० परराष्ट्र व्यवहार, विषय संपला. जुलै २०२४ मध्ये केरळने एका सनदी अधिकाऱ्याकडे परदेशांशी सहकार्याचं काम दिलं, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने हीच नोंद दाखवून केरळला सुनावलं. भावोजींनी ती बातमी मला लगेच पाठवली. पण त्याच मंत्रालयाने २०१४ मध्ये राज्यांसाठी स्वतंत्र विभाग काढला, तो कशाला?

राज्यांना नकाराधिकार मात्र नको, हेही सांगतो. २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या ममता बॅनर्जी अडून बसल्या आणि तीस्ता नदीच्या पाण्याचा बांगलादेशाशी व्हायचा करार आजही सहीविना आहे. बेल्जियममधल्या वालोनिया प्रांताने २०१६ मध्ये अख्ख्या युरोपीय संघाचा कॅनडाशी होणारा व्यापार करार काही दिवस रोखून धरला होता. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ प्रमाणे परदेशांशी झालेले करार अमलात आणायला संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. ते योग्यच आहे.

महाराष्ट्राने वेगळं परराष्ट्र धोरण आखावं असं मी म्हणतच नाही. रत्नागिरीत रात्री-अपरात्री फोन उचलणारा आणि अरबी कागद वाचता येणारा एक माणूस, आणि विमानतळावर एक गाडी, एवढंच हवंय. याला संघ सूचीतली कुठली नोंद आडवी येते, ते भावोजींनी येत्या गणपतीत दाखवावं.