वाचकांचे प्रश्न: उड्यांच्या शर्यतीत ट्रॅक कसा वाचायचा?

चेल्टनहॅम आणि एनट्री या दोन रेसकोर्सच्या मोसमात ब्रिटनमधल्या उड्यांच्या शर्यतींबद्दल बरीच पत्रं येतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: कागदावर सरस दिसणारा घोडा दुसऱ्या ट्रॅकवर गेला की का ढेपाळतो? या खेपेला उत्तरं त्याच धाग्याने दिली आहेत.

प्रश्न: मुंबई-पुण्याच्या रेस मी वर्षानुवर्षं बघतो. तिथे ड्रॉ पाहिल्याशिवाय पैसे लावत नाही. इंग्लंडच्या उड्यांच्या शर्यतीच्या कार्डावर ड्रॉच दिसत नाही. मग ट्रॅकचा फायदा-तोटा ओळखायचा कशावरून?
(वाचक, पुणे)

ड्रॉ, म्हणजे घोड्याला मिळालेला सुरुवातीच्या गेटचा क्रमांक, इथे नसतो, कारण गेट नसतात. घोडे टेपमागे फिरत फिरत ओळीत येतात, टेप सुटली की निघतात, आणि कुठे उभं राहायचं ते जॉकी ठरवतो. शर्यत कमीत कमी साधारण दोन मैलांची असल्यामुळे सुरुवातीच्या दोन-चार लांब्यांना (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर) फारसं मोलही नसतं.

ड्रॉऐवजी पाच गोष्टी बघा: ट्रॅक डावीकडे वळतो की उजवीकडे, वळणं किती आवळलेली आहेत, चढ-उतार कुठे आहेत, उड्या नेमक्या कुठे येतात, आणि शेवटच्या उडीपासून विनिंग पोस्टपर्यंत किती अंतर आहे. या शेवटच्या तुकड्याला तिथे रन-इन म्हणतात.

उड्यांची संख्या ट्रॅकगणिक फार बदलत नाही, कारण ती नियमाने बांधलेली आहे. स्टीपलचेस शर्यतीतला मोठा अडथळा म्हणजे फेन्स, ती किमान साडेचार फूट उंच असते. पहिल्या दोन मैलांत किमान 12 आणि पुढच्या प्रत्येक मैलाला किमान सहा फेन्स लागतात. हर्डल शर्यतीतला अडथळा छोटा: हर्डल साडेतीन फुटांचं, पहिल्या दोन मैलांत किमान आठ. म्हणून ‘उड्या किती’ यापेक्षा ‘कुठे’ हे जास्त महत्त्वाचं. सपाटीवरची फेन्स आणि उतारावरची फेन्स मापाने सारखी असली तरी घोड्याला ती सारखी नसते.

प्रश्न: केम्प्टनला सहज जिंकलेला घोडा चेल्टनहॅमला शेवटच्या फर्लांगात (मैलाच्या आठव्या भागात) थांबल्यासारखा का होतो? दोन्हीकडे अंतर तर तीन मैलांच्या आसपासच असतं.
(वाचक, लेस्टर)

कारण दोन्हीकडे दम वेगळ्या ठिकाणी खर्च होतो. केम्प्टन उजवीकडे वळणारा, त्रिकोणी आणि सपाट ट्रॅक. 26 डिसेंबरची किंग जॉर्ज ही मोठी शर्यत तिथे होते: तीन मैल, 18 फेन्स. तिथे घोडा एकदा लयीत आला की लय मोडायला काही नसतं. वेगात झटपट उडी मारणारा, पुढे राहून धावणारा घोडा तिथे शोभतो आणि मागच्यांना त्याला गाठायला चढाची मदत मिळत नाही.

चेल्टनहॅम डावीकडे वळतो आणि सतत चढतो-उतरतो. मागच्या बाजूला टेकडी चढायची, माथ्यावरून उतार घ्यायचा, वळण घेऊन सरळ पट्ट्यात यायचं आणि पुन्हा चढावरच शर्यत संपवायची. गोल्ड कप ही तिथली मोठी शर्यत तीन मैल अडीच फर्लांगांची आहे, 22 फेन्सची. म्हणजे अंतर अडीच फर्लांग जास्त, उड्या चार जास्त आणि शेवट चढाचा.

खरा घोळ उतारावर होतो. उतारावर घोड्याचं वजन पुढच्या पायांवर येतं, वेग आपोआप वाढतो आणि जॉकीला पावलं जुळवायला वेळ कमी मिळतो. घोडा फेन्सच्या फार जवळ पोचला तर छाती घासते. लांबून उडाला तर पलीकडे जमीन अपेक्षेपेक्षा खाली असते आणि पुढचे पाय भार पेलू शकत नाहीत. ओल्ड कोर्सवरची शेवटून दुसरी फेन्स अशीच उतारावर होती. तिथे इतके घोडे पडत की 2010 मध्ये ती उचलून सरळ पट्ट्यात नेली. जुने निकाल चाळताना हे ध्यानात ठेवा. त्याआधीची तिथली पडझड आजच्या घोड्यांना लावू नका.

चेल्टनहॅमला ओल्ड आणि न्यू असे दोन कोर्स आहेत. मार्चच्या फेस्टिवलमध्ये मंगळवार-बुधवार ओल्ड कोर्सवर आणि गुरुवार-शुक्रवार न्यू कोर्सवर शर्यती होतात. त्यामुळे गुरुवारी न तुडवलेली हिरवळ मिळते. ओल्ड कोर्स थोडा चपळ घोड्याचा, न्यू कोर्स दमदार घोड्याचा. न्यू कोर्सच्या हर्डल शर्यतीत शेवटच्या सुमारे सहा फर्लांगांत फक्त दोन हर्डल्स येतात. उड्यांच्या जोरावर जिंकत आलेल्या घोड्याला तिथे ते हत्यार वापरायला जागाच उरत नाही. उरतो तो धावण्याचा दम. नुसतं ‘चेल्टनहॅमला जिंकलाय’ एवढं पुरत नाही, कोणत्या कोर्सवर जिंकलाय ते शोधाच.

दोन्हीकडे चालणारे घोडे होतात. कॉटो स्टार या घोड्याने किंग जॉर्ज पाच वेळा जिंकली आणि गोल्ड कप 2007 व 2009 असा दोनदा. पण अशा घोड्याच्या भावातही (लावलेल्या पैशाला किती मिळणार त्यातही) ती थोरवी आधीच मोजलेली असते.

प्रश्न: डावा ट्रॅक, उजवा ट्रॅक याने खरंच फरक पडतो का, की ती समालोचकांची सवय आहे?
(वाचक, ठाणे)

पडतो, आणि तो आकड्यात मांडता येतो. पुष्कळ घोडे उडी मारताना एका बाजूला सरकतात. उजवीकडे सरकणारा घोडा डाव्या ट्रॅकवर दर उडीला आतल्या रेलपासून (कठड्यापासून) लांब जातो आणि पुन्हा आत यायला जास्तीचं अंतर कापतो. एका उडीला अर्धी लांबी गेली असं धरा. 22 उड्यांत 11 लांब्या झाल्या, म्हणजे सुमारे 26 मीटर. मोठ्या शर्यती एक-दोन लांब्यांनी ठरतात. शिवाय तिरप्या उडीमुळे एका पुढच्या पायावर जास्त भार येतो आणि शेजारच्या घोड्याच्या वाटेत शिरण्याचा धोका असतो.

डेझर्ट ऑर्किड याचं ठळक उदाहरण. उडताना तो उजवीकडे ओढायचा. उजव्या केम्प्टनवर त्याने किंग जॉर्ज चार वेळा जिंकली. 1989 चा गोल्ड कप त्याने डाव्या चेल्टनहॅमवर, चिखलात जिंकला आणि त्या विजयाचं इतकं कौतुक झालं ते याचमुळे: ट्रॅकही त्याचा नव्हता, जमीनही नव्हती.

हे तपासायला जुन्या शर्यतीचं चित्रण समोरून बघा. बाजूच्या कॅमेऱ्यात सरकणं दिसतच नाही. पहिल्या दोन-तीन उड्यांवरून ठरवू नका. घोडा थकला की खोड उघडी पडते, म्हणून शेवटच्या चार उड्या बघा. फॉन्टवेल रेसकोर्सचा स्टीपलचेस ट्रॅक तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे. तिथे एकाच शर्यतीत दोन्हीकडे वळावं लागतं, म्हणून तिथला अनुभव असलेल्या घोड्याला मी जास्त मान देतो.

प्रश्न: सँडाउन रेसकोर्सच्या रेल्वे फेन्सेसचा एवढा बोलबाला का?
(वाचक, नाशिक)

मागच्या सरळ पट्ट्यात, रेल्वेमार्गालगत, तीन फेन्स अगदी जवळजवळ आहेत. पहिली नेमक्या पावलावर घेतली तर पुढच्या दोन आपसूक जमतात. पहिलीला चूक झाली तर सावरायला मोकळं अंतर नाही. तीच चूक दुसरीला आणि तिसरीला वाढत जाते. तिथून पुढे वळण, पाँड नावाची फेन्स आणि चढाचा शेवट. मागे गमावलेलं तिथे भरून काढणं फार जड जातं. धसमुसळा घोडा भावात कितीही आकर्षक वाटला तरी तिथे टाळावा.

प्रश्न: ग्रँड नॅशनलचा ट्रॅक इतर ट्रॅकपेक्षा वेगळा म्हणजे नेमका कसा? आणि घोड्यांच्या सुरक्षेसाठी केलेल्या बदलांचा निकालावर परिणाम होतो का?
(वाचक, लंडन)

ग्रँड नॅशनल एनट्रीला होते. तिथे दोन वेगळे ट्रॅक आहेत आणि पुष्कळांची गल्लत इथेच होते. मिल्डमे कोर्स सपाट, आवळ वळणांचा, नेहमीच्या बर्चच्या फेन्सचा. नॅशनल कोर्स मोठा. त्याच्या फेन्सवर स्प्रूसच्या फांद्या रचलेल्या असतात आणि आतला गाभा 2013 पासून लाकडाऐवजी लवचिक प्लॅस्टिकचा आहे. मिल्डमेवरच्या विजयाचा नॅशनलशी फार थोडा संबंध असतो.

नॅशनल सव्वाचार मैलांहून थोडी जास्त. फेन्स 16, त्यांतल्या 14 दोनदा आणि चेअर व वॉटर जंप एकदाच, अशा 30 उड्या. बीचर्स ब्रुक या फेन्सला पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खाली आहे आणि ही खोली आतल्या बाजूला जास्त, बाहेर कमी. म्हणून आतून गेलं तर अंतर वाचतं पण उतरताना धोका वाढतो. कॅनाल टर्न या फेन्सला उडी संपताच जवळजवळ काटकोनात डावीकडे वळायचं असतं. जाणता जॉकी बाहेरून येऊन फेन्स तिरपी घेतो, म्हणजे घोडा हवेत असतानाच वळण सुरू होतं. सरळ उडालेला घोडा उतरून मग वळतो आणि बाहेर फेकला जातो. चेअर पाच फूट दोन इंच, अलीकडे खंदक आणि पलीकडची जमीन उंच. बीचर्सच्या बरोबर उलट! तिथे घोड्याला जमीन अपेक्षेआधीच लागते.

शेवटी 494 यार्डांचा रन-इन, मध्ये एल्बो नावाचं वळण. 1973 मध्ये क्रिस्प हा घोडा रेड रम या घोड्यापेक्षा 23 पौंड जास्त वजन घेऊन बाकीच्यांच्या फार पुढे होता. याच तुकड्यात त्याच्या पायांतलं बळ संपलं आणि तो पाऊण लांबीने हरला. शेवटच्या उडीला कोण पुढे आहे यावरून नॅशनलचा निकाल सांगू नये.

बदलांचं म्हणाल तर 2024 पासून घोड्यांची कमाल संख्या 40 वरून 34 केली आणि पहिली फेन्स स्टार्टच्या 60 यार्ड जवळ आणली. पहिल्या फेन्सपर्यंतची धाव लांब असली की घोडे सुसाट वेगात आणि दाटीत तिथे पोचतात. धाव छोटी केली की तो वेग चढायला जागा मिळत नाही. हे पाऊल योग्यच होतं आणि माझ्या मते आधीच उचलायला हवं होतं. निकालावरचा परिणाम असा की दुसऱ्याच्या पडण्यामुळे वर येणारे घोडे कमी होतील आणि दर्जा असलेले जास्त टिकतील. 1967 मध्ये 100/1 (एकाला शंभर) भावाचा फॉयनावॉन जिंकला तो 23 व्या फेन्सला बाकीचे एकमेकांत अडकल्यामुळे. तसं काही घडेल या आशेवर आता पैसे लावू नयेत.

उड्यांच्या कडेचा रंगही बदलला आहे. घोड्याला नारिंगी रंग हिरवळीपासून नीट वेगळा दिसत नाही, हे संशोधनातून दिसल्यावर ब्रिटनने नारिंगीऐवजी पांढरा रंग आणला.

प्रश्न: हे सगळं कळलं तरी पैसे लावताना त्याचा उपयोग कसा करायचा? आणि भारतातून लावता येतील का?
(वाचक, ठाणे)

दुसऱ्याचं उत्तर आधी: लावू नका. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आहे. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी पुढचं.

ट्रॅकचा नकाशा बहुतेक वेळा घोडा निवडायला नव्हे, वगळायला वापरा. चेल्टनहॅमचा चढ सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, त्यामुळे तो भावात आलेला असतो. न आलेल्या गोष्टी शर्यतीच्या दिवशीच कळतात.

पहिली म्हणजे गाळलेल्या उड्या. हिवाळ्यात दुपारी सूर्य खाली आला की समोरून डोळ्यांवर येतो आणि सरळ पट्ट्यातल्या उड्या रद्द होतात. जमीन खराब झाली तरीही. शेवटची उडी गेली की रन-इन दुपटी-तिपटीने वाढतो. सफाईदार उडीवर भिस्त असलेल्या घोड्याचं बळ तिथे निम्मं होतं आणि उडीत कच्चा पण पायाने वेगवान घोडा वर येतो. घोषणा झाल्यावर भाव हळूहळू सरकतो. तेवढा वेळ तुमचा.

दुसरी, रेल हलवणं. हिरवळ जपण्यासाठी रेल बाहेर सरकवतात आणि किती यार्ड वाढले ते जाहीर करतात. तीन मैलांच्या शर्यतीत 150 यार्ड वाढले तर चांगल्या जमिनीवर साधारण दहा सेकंद जास्त लागतात. हे न बघता वेळेची तुलना केली की चांगला घोडा संथ वाटतो.

तिसरी, ईच-वे, म्हणजे निम्मे पैसे जिंकण्यावर आणि निम्मे पहिल्या काही जागांत येण्यावर. हँडिकॅपमध्ये (सरस घोड्यावर जास्त वजन ठेवणाऱ्या शर्यतीत) 16 किंवा जास्त घोडे असतील तर नेहमीच्या अटी पहिले चार आणि जागेला चौथाई भाव अशा असतात. 8/1 वर 10 पौंड ईच-वे म्हणजे एकूण 20 पौंड गेले. घोडा चौथा आला तर 30 परत: जागेवरच्या 10 ला 2/1 ने 20, आणि ते मूळ 10. हँडिकॅप नसलेल्या शर्यतीत आठ घोडे असताना तीन जागा मिळतात, पण एकाने माघार घेतली आणि सात उरले की दोनच. केम्प्टन-सँडाउनच्या कमी घोड्यांच्या शर्यतींत हा फटका वरचेवर बसतो. म्हणून बरोबर आठ घोडे असतील तिथे पैसे शेवटच्या क्षणापर्यंत लावू नका.

प्रश्न: फॉर्ममधली (घोड्याच्या मागच्या निकालांतली) अक्षरं ट्रॅकशी कशी जोडायची?
(वाचक, कोल्हापूर)

एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, बी म्हणजे दुसऱ्याने पाडला, पी म्हणजे जॉकीने थांबवला, आर म्हणजे घोड्याने उडी नाकारली. बी सोडून द्या, त्यात घोड्याचा दोष नाही. एफ दिसला की ती फेन्स कोणती होती ते शोधा. उतारावरची असेल आणि आजचा ट्रॅक सपाट असेल तर एवढं मनावर घेऊ नका. सपाट ट्रॅकवर साध्या फेन्सला पडला असेल तर मात्र चेल्टनहॅमला त्याच्यापासून लांब राहा. पी चढाच्या ट्रॅकवर, जड जमिनीवर लागला असेल तर दमाचा प्रश्न. कोरड्या सपाट ट्रॅकवर लागला असेल तर बहुधा दुखापत किंवा श्वासाचा त्रास, आणि मग पुढची एक शर्यत नुसती बघावी.