नेपाळची राज्यघटना घडवण्यात विद्यार्थ्यांचा खरोखर वाटा होता का?

होय, नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत विद्यार्थ्यांचा वाटा खरा आणि मोठा होता; मात्र तो कलमे लिहिण्यापेक्षा, ती लिहिण्याची वेळ आणण्यात अधिक होता. घटनाक्रम पाहिल्यास हे स्पष्ट होते. १९७९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर राजे वीरेंद्र यांना पंचायत व्यवस्थेवर, म्हणजे राजाच्या हाती सत्ता असलेल्या पक्षविरहित राज्यपद्धतीवर, सार्वमत जाहीर करावे लागले आणि ते १९८० मध्ये झाले. पुढे राजे ज्ञानेंद्र यांच्या काळात, प्रमुख लोकशाहीवादी पक्ष अजून घटनात्मक राजेशाहीची भाषा बोलत असताना, त्यांच्याच विद्यार्थी संघटनांनी रस्त्यावर उघडपणे प्रजासत्ताकाची घोषणा दिली, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे योगदान हेच आहे. त्यासाठी गगन थापा या विद्यार्थी नेत्यावर २००५ मध्ये राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. तेच २००८ मध्ये संविधानसभेचे सदस्य झाले. राजाच्या थेट सत्तेविरुद्ध एप्रिल २००६ मध्ये झालेल्या एकोणीस दिवसांच्या जनआंदोलनातही विद्यार्थी आघाडीवर होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सशस्त्र बंड करणाऱ्या माओवाद्यांशी सर्वंकष शांतता करार झाला.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी लागते. मतदानाचे वय १८ असले, तरी ६०१ सदस्यांच्या संविधानसभेसाठी उमेदवाराचे किमान वय २५ होते, त्यामुळे महाविद्यालयीन वयाचे बहुतेक तरुण प्रत्यक्ष सभागृहाबाहेरच राहिले. नव्या घटनेने गावपालिका व नगरपालिकेच्या उमेदवारीसाठी ही अट २१ वर्षे ठेवली. प्रतिनिधिसभेसाठी, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, ती २५ वरच ठेवली.