सतरा नंबरची म्हैस

कराड

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

खुराकाने म्हशीचं दूध वाढतं का, या तुझ्या प्रयोगातली सतरा नंबरची म्हैस लेखात ठेवायची की काढायची, हा तुझा खरा प्रश्न. जर्नल कुठलं निवडू, इंग्रजी जमेल का, फी कोण भरणार, हे बाकीचं सगळं त्याच्या मागून आलंय. म्हणून उत्तर आधी देतो. काढायची नाही. जेवढ्या म्हशी दावणीला होत्या तेवढ्या लेखात दिसल्या पाहिजेत.

कष्ट कर, धीर सोडू नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. विट्याच्या बाजूच्या गोठ्यांवर पहाटेच्या धारेला वजनकाटा घेऊन हजर राहणाऱ्या मुलीला ते सांगायची गरज नाही. तुझी अडचण कष्टाची नाहीच. सतरा नंबर काढली तर दोन गटांतला फरक ‘सिग्निफिकंट’ येतो, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, आणि ठेवली तर पी व्हॅल्यू ०.०५ च्या पलीकडे जाते, म्हणजे तसं म्हणता येत नाही, एवढीच आहे. त्यात तुझे सीनियर म्हणतात, आउटलायर आहे, बाकीच्यांपासून फटकून पडलेला आकडा आहे, काढून टाक, कुणाला कळतंय. अगं, आणखी कुणाला कळायला कशाला हवं? तुला कळलंय ना?

तुझी वही मी नीट वाचली. प्रयोगाच्या ४१ व्या दिवशी तिचं रेडकू मेलं. त्या संध्याकाळपासून म्हैस पान्हवेना. कास भरलेली, पण धार लागत नाही. गाईच्या कासेत खालच्या टाकीत थोडंफार दूध आधीच उतरलेलं असतं, ते बसल्या बसल्या मिळतं. म्हशीची ती टाकी फार लहान. जवळपास सगळं दूध वरच्या बारीक पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तातून कासेपर्यंत पोचल्याशिवाय खाली येत नाही. ते सुटायला तिला रेडकाचं ढुसणं लागतं, ओळखीचा हात लागतो, पुढ्यात आंबोण लागतं. रेडकू गेलं आणि मालकाने पुढचे काही दिवस ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं. हे तू शाईने लिहून ठेवलंस, तारीख घालून. मला त्या पानाचा अभिमान वाटला. आणि आता तेच पान नसल्यासारखं वागायचं म्हणतेस?

ती आउटलायर नाही. काटा बिघडला असता, आकडा दुसऱ्याच म्हशीचा चुकून लिहिला गेला असता, तर गोष्ट वेगळी होती. इथे काटा बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे. तो तुला नकोसा आहे, इतकंच. आणि रेडकू मरणं ही आपल्याकडे काही अजब घटना नव्हे. ज्या शेतकऱ्याने उद्या तुझा लेख ऐकून खुराक विकत घ्यायचा, त्याच्या गोठ्यातही रेडकं मरतात.

मग करायचं काय? प्रयोगाआधी कुठलं जनावर कशामुळे वगळायचं याचा नियम ठरवला होता का? असला तर तो लिही. नसला तर नव्हता, असं लिही. ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये साध्या वाक्यांत सांग: २४ पंढरपुरी म्हशी घेतल्या, दोन्ही गटांत १२-१२, बायपास फॅटच्या (पहिल्या पोटात न फुटता पुढे जाणाऱ्या स्निग्ध खुराकाच्या) गटातल्या एकीचं रेडकू ४१ व्या दिवशी मेलं, त्यानंतर तिला ऑक्सिटोसिन दिलं गेलं. तिच्या आधीच्या ४० दिवसांच्या नोंदींना काहीही झालेलं नाही, त्या ठेव. मिक्स्ड मॉडेल, म्हणजे एकाच म्हशीच्या अनेक नोंदी एकत्र धरणारा हिशोब, वापरलंस तर पुढचे दिवस रिकामे असले तरी चालतं. आणि दोन्ही हिशोब छाप, सगळ्या नोंदी धरून आलेला आणि पुढचे दिवस गाळून आलेला. वाचणारा डोळे असलेला माणूस आहे, तो ठरवेल. हे माझं जुनं खूळ आहे असं समजू नकोस. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या ‘अराइव्ह’ सूचना २०१० मध्ये आल्या, २०२० मध्ये सुधारून पुन्हा आल्या. किती जनावरं घेतली, किती वगळली आणि का, हे लिहाच, असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

मालकाचं आणि गावाचं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नकोस. ऑक्सिटोसिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ज्या माणसाने तीन महिने तुला स्वतःच्या गोठ्यात येऊ दिलं, त्याला आपल्या लेखापायी ताप नको. नाव झाकायचं, घटना झाकायची नाही.

रेडकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तू मोजलंस ते चरवीतलं दूध. रेडकू आधी पितं, मालक त्याच्यासाठी एखादा सड राखतो, ते दूध काट्यावर येत नाही. परदेशातल्या रिव्ह्यूअरला, म्हणजे जर्नलसाठी लेख तपासणाऱ्याला, हे ठाऊक नसतं, तिकडे वासरू जन्मल्यावर लगेच तोडतात. तू लिहिलं नाहीस तर त्याला वाटणार की तुझा आकडा म्हणजे म्हशीचं सगळं दूध. रेडकांना किती वेळ आणि किती सड पाजत होते, ते प्रत्येक गोठ्याचं लिही.

आता टेबल दोन. ते पाहून मला राग आला, खोटं कशाला बोलू. एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, = ४३२०! चोवीस म्हशी, नव्वद दिवस, सकाळ-संध्याकाळ, गुणाकार बिनचूक आहे. पण एका म्हशीची धार १८० वेळा मोजली म्हणून तिच्या १८० म्हशी होत नाहीत. खुराक म्हशीला दिला, दिवसाला नाही. त्यामुळे एन २४, आणि त्याही चार मालकांच्या गोठ्यांत वाटलेल्या, म्हणजे गोठा हासुद्धा मॉडेलमध्ये आला पाहिजे. जेवढ्या म्हशी दावणीला तेवढ्याच लेखात, हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. एक कमी करायची नाही, तसंच नसलेल्या चार हजार उभ्याही करायच्या नाहीत. या एका चुकीपायी चांगले लेख परत येतात, आणि ते परत यायलाच हवेत.

दोन्ही गटांत व्याल्यापासूनचे दिवस सारखे होते का, हेही टेबल एकमध्ये दिसू दे. वूडने १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये वेताच्या दुधाचं समीकरण मांडलं, ते तू वापरलं आहेस, मग त्याचा अर्थही धर. दूध चढतं, शिखराला जातं, मग हळूहळू उतरत आटतं. एका गटात चढावरच्या म्हशी जास्त आल्या तर खुराकात काहीही घाल, तो गट पुढेच दिसणार. प्रयोगाआधीच्या आठवड्याचं दूध कोव्हेरिएट म्हणून घे, म्हणजे मुळातला फरक हिशोबात धरला जाईल. ते तुझ्या वहीत आहे, मी पाहिलंय.

आणि वैरण! सगळ्यात जास्त मी यावर चिडलोय. आहाराबद्दल तू दीड ओळ लिहिलीस, हिरवा चारा, कडबा, सरकी पेंड. पोरी, तुझा प्रयोग ऑक्टोबरात सुरू झाला आणि जानेवारीत संपला. मध्ये कारखाने सुरू झाले. सांगली-साताऱ्यात गळीत हंगाम लागला की गव्हाणीतला हत्तीघास आणि मका कमी होतो आणि उसाचे वाढे येतात, हे तुला कुणी सांगायला हवं का? तू तिथलीच. वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि तुझं बायपास फॅट म्हणजे काय? स्निग्धाम्लांचे कॅल्शियम क्षार. म्हणजे एका गटाला तू फॅटबरोबर जादा कॅल्शियमही देत होतीस, आणि ते नेमकं वाढे सुरू असताना. दिसलेला फरक फॅटचा की कॅल्शियमचा? जाणता रिव्ह्यूअर हे पहिल्या वाचनात विचारेल. त्याने विचारायच्या आधी तू लिही. कुठल्या गोठ्यात वाढे कोणत्या तारखेपासून आले, रोज अंदाजे किती पेंड्या, मिनरल मिक्श्चर होतं की नव्हतं. हा तुझ्या लेखाचा दोष नाही. कर्नालच्या डेअरी संशोधन संस्थेत किंवा अमेरिकेत बसून कुणाला हे लिहिता येणार नाही, तुला येतं.

फॅटच्या नमुन्याचं थोडक्यात. पहिल्या धारेचं दूध पातळ, शेवटचं दाट. सकाळ-संध्याकाळमधलं अंतर सारखं नसलं तर दोन्ही वेळची फॅटही सारखी नसते. चरवी ढवळून, दोन्ही वेळच्या वजनाच्या प्रमाणात नमुना एकत्र केला होता, हे लिही. फॅट मोजायची गर्बर पद्धत वापरली एवढंच लिहून भागत नाही. आणि ‘फॅट करेक्टेड मिल्क’, म्हणजे ठरावीक फॅटच्या दुधात बदलून काढलेला आकडा, कुठल्या टक्क्यांवर काढलंस ते सांग. ०.४ गुणिले दूध अधिक १५ गुणिले फॅटचे किलो, हे सूत्र ४ टक्क्यांचं आहे आणि ते गाईंवरून बसवलेलं आहे. ७ टक्के फॅटचं ६ किलो दूध त्यात घातलं की ८.७ किलो होतं. वाचणाऱ्याला वाटतं, काय म्हैस आहे! आकडा चुकीचा नाही, पण त्याच्या शेजारी काट्यावरचे ६ किलो छापले नाहीत तर तो फसवतो.

तू म्हणशील, सर एका म्हशीवरून एवढं का लावून धरतात. सांगतो.

माझ्या उमेदीच्या काळात जत-आटपाडीकडच्या गोठ्यांवर आम्ही एका खुराकाचा प्रयोग केला. दुष्काळ होता. काही जनावरं मध्येच विकली गेली, काही आटली. शेवटी खुराकाचा काही परिणाम दिसला नाही. वरिष्ठांचं म्हणणं पडलं की विकलेली आणि आटलेली धरूच नका, मग काहीतरी दिसेल. मी सही दिली नाही. लेख झाला नाही, वह्या कपाटात गेल्या. बढतीच्या वेळी माझी यादी तोकडी पडली आणि ती तोकडी का, हे विचारायला कुणी आलं नाही. आजही लोक म्हणतात, यांच्या नावावर लेख कमी. असतील. जे आहेत त्यातल्या प्रत्येक जनावराचा नंबर आणि मालक मला सांगता येतो, आणि मला तो सौदा तेव्हाही मंजूर होता, आजही आहे. सही न दिल्याचं दुःख नाही.

दुःख वेगळंच आहे. काही वर्षांनी तोच खुराक, जवळपास तसाच प्रयोग, दुसऱ्यांनी पुन्हा केला. शेतकऱ्यांनी पुन्हा पदरचे पैसे घातले. आमचं ‘परिणाम दिसला नाही’ कुठे छापलेलं असतं तर ते टळलं असतं. फरक दिसला नाही, हाही लेख असतो, तो भांडून पाठवायचा असतो, असं तेव्हा आम्हाला म्हणणारं कुणी नव्हतं. तुला मी म्हणतोय. सतरा नंबर धरल्यावर फरक नाहीसा होत असेल तर होऊ दे. फरक किती आणि त्याची कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा, किती रुंद, हे लिही आणि पाठव.

कुठे पाठवायचं? ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’ १९१७ पासून चालू आहे, त्याचा मान मोठा. पण २०२२ पासून ते पूर्ण ओपन अॅक्सेस झालंय, म्हणजे वाचणाऱ्याला फुकट आणि खर्च लेखकावर. २४ म्हशींच्या कामासाठी तिथे धडपडू नकोस. इंडियन डेअरी असोसिएशनचं ‘इंडियन जर्नल ऑफ डेअरी सायन्स’ बघ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं (आयसीएआर) ‘इंडियन जर्नल ऑफ अॅनिमल सायन्सेस’ बघ. आपल्या म्हशी, आपली वैरण समजणारे लोक ते वाचतात. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं. चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या मेलना उत्तर देऊ नकोस, मग त्यात तुला ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणू देत की आणखी काही. यूजीसीची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली, आता यादीत आहे असं सांगून कुणी पटवू शकत नाही. संपादक मंडळावर कोण आहे, मागचे अंक कसे आहेत, आपल्या क्षेत्रातली माणसं तिथे छापतात का, हे तुलाच बघावं लागेल. नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि शेतकऱ्यांची संमतिपत्रं जवळ ठेव. ती नंतर मागून मिळत नाहीत.

लेखकांत नाव घाला म्हणून दोघांनी गळ घातली आहे म्हणतेस. त्यांना विचार, सतरा नंबरचं काय झालं होतं? सांगता आलं तर घाल. धार मोजायला रोज येणारा तो पोरगा सांगू शकेल. त्याने नोंदीही केल्यात, त्याचा हक्क या दोघांच्या आधी आहे.

इंग्रजीचं मनातून काढून टाक. तुझी वाक्यं छोटी आहेत, ती छोटीच राहू दे. भाषा सुधारता येते. जी म्हैस लेखातून गेली ती कुठल्याही भाषेत परत येत नाही.

रविवारी सकाळी ये. टेबल दोन आणि तीन नव्याने करून आण, प्रत्येक रकान्याखाली म्हशींची संख्या घालून. वैरणीच्या तारखा चारही मालकांना फोन करून पुन्हा पडताळून घे. डिस्कशनला अजून हात लावू नकोस, ते आपण टेबलं बघितल्यावर बोलू.

तुझा,
सर